शाळेचे गुण आणि परीक्षेचे गुण

महाविद्यालयात प्रवेश देताना शाळेचे गुण मानावेत, की सामाईक परीक्षेचे? अमेरिकेत सॅट ही परीक्षा १९२६ साली सुरू झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील २००७ च्या अभ्यासात शाळेचे गुण अधिक भरवशाचे ठरले. २०२० साली तेथल्याच प्राध्यापक-समितीला परीक्षेचे गुण सरस दिसले. मधल्या काळात शाळांचे हात सढळ झाले, हे त्याचे एक कारण. तरीही त्याच वर्षी विद्यापीठाने सॅट वगळण्याचे ठरवले. एमआयटीने मात्र २०२२ मध्ये ती पुन्हा आणली. साधनहीन शाळेतले हुशार मूल एरवी ओळखणे कठीण जाते, असे तिचे म्हणणे. आम्हांस वाटते, शाळेचे गुण चिकाटीची साक्ष देतात, परीक्षा तयारीची. न्याय करायचा तर दोन्ही साक्षी ऐकाव्यात. पण मूल कोणत्या शाळेतून आले, हे आधी विचारावे.