आयत्या कोष्टकांचे पंचांग

केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. अशा कोष्टकांचा मोठा उपकार हा, की पंचांग सिद्ध करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला ग्रहगतीचे अवघे गणित मुळापासून मांडीत बसावे लागत नाही. ज्याने ते एकदा निगुतीने केले, त्याच्या हवाल्यावर पुढच्याला आपला हिशेब उरकता येतो. आज मोबाइलवर तिथी दाखवणारे अ‍ॅप लिहावयास बसलेला तरुणही, शहाणा असेल तर, हाच मार्ग धरतो. ‘स्विस एफेमेरिस’ ही स्वित्झर्लंडमध्ये सिद्ध झालेली आणि १९९७ पासून प्रचारात असलेली लायब्ररी सी भाषेत लिहिलेली असून, तिचा आधार नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे ग्रहगणित हा आहे.

अडचण येते ती भाषेची. अँड्रॉइडचे अ‍ॅप बहुधा जावा किंवा कोटलिनमध्ये लिहितात, आणि ही लायब्ररी तर प्रोसेसरच्या यंत्रभाषेत उतरवलेली. म्हणून दोहोंच्या सरहद्दीवर जेएनआय नावाचा दुभाषी बसवावा लागतो. त्याच्या हाती ज्युलियन दिनांक आणि ग्रहाचा क्रमांक द्यावा (सूर्याला शून्य, चंद्राला एक, मानापमानाचा विचार येथे नाही), म्हणजे पलीकडून भोग (क्रांतिवृत्तावरील रेखांश), शर (तेथून मोजलेला अक्षांश), अंतर आणि या तिघांच्या गती यांसाठी सहा आकड्यांची रांग येते. पंचांगवाल्याला त्यांतला पहिलाच हवा असतो. चंद्राच्या भोगातून सूर्याचा भोग वजा जाता १०० अंश उरले, तर त्यास १२ ने भागून आठ तिथी सरल्या व शुक्ल नवमी चालू आहे, एवढे निश्चित होते.

घात होतो तो नेमका येथे. एकच आकडा हवा म्हणून नवशिका एकाच आकड्याची जागा राखतो. लायब्ररी मात्र आपल्या रिवाजाप्रमाणे सहाच्या सहा लिहून मोकळी होते आणि उरलेले पाच शेजारच्या कोणत्यातरी माहितीवर जाऊन बसतात. जावाच्या अंमलात अशी आगळीक जागच्या जागी पकडली जाते. सीच्या मुलखात तसा पहारा नाही, त्यामुळे अ‍ॅप कधी तत्काळ, तर कधी बऱ्याच वेळाने, भलत्याच पडद्यावर कोसळते आणि दोष भलत्याच्याच माथी येतो. स्मृतीचेही तसेच: जावाचा सफाई-कारकून सरहद्दीपलीकडे फिरकत नाही, तेथे जी जागा स्वतः मागून घेतली ती स्वतःच परत करावी लागते.

शिवाय एका जातीच्या प्रोसेसरसाठी उतरवलेली प्रत दुसऱ्या जातीला उमगत नाही. गूगल प्लेने १ ऑगस्ट २०१९ पासून ६४-बिट प्रतींची सक्ती केली, तेव्हा मूळ सी-लेखन हाताशी नसून केवळ जुनी तयार प्रतच ज्याच्या दप्तरी होती, त्याची पंचाईत अटळ होती. स्विस एफेमेरिसचे मूळ लेखन सर्वांस खुले असल्याने तो प्रसंग येत नाही. मात्र तिच्या परवान्याची अट अशी, की तिच्यावर उभारलेल्या आपल्या अ‍ॅपचेही संपूर्ण लेखन वापरणाऱ्यांस खुले करावे, नाहीतर पैसे मोजून दुसरा परवाना घ्यावा.