घरचा सर्व्हर, लेखांक ७ : लाइट गेल्यावरची आवराआवर

किकवी पुणे-सातारा महामार्गावर आहे, पण पावसाळ्यात तारांवर फांदी पडली की हायवेजवळ असण्याचा काही उपयोग होत नाही. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात विजेचे खांबच आडवे झाले होते. अशा भागात घरच्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स टाकून चार-पाच व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारा पहिल्यांदा विचारतो, ‘बॅकअप किती तास मिळेल?’ माझ्या मते हा प्रश्नच बाजूला ठेवावा. लाइट कधी दोन मिनिटांत येते, तर कधी दुसऱ्या दिवशी. त्या भरवशावर बॅटरी विकत घेणं परवडणारं नाही. सगळी मशीनं नीट बंद होतील, एवढीच ती पुरायला हवी.

दणक्यात वीज गेली की नेमकं बिघडतं काय? मशीनमधल्या प्रोग्रॅमनं ‘सेव्ह केलं’ म्हटलं, तरी तो मजकूर व्हीएमच्या मेमरीत, खालच्या सर्व्हरच्या मेमरीत किंवा डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये रेंगाळत असू शकतो. ईएक्सटी४ सारखी फाइल सिस्टिम जर्नलच्या आधारे स्वतःचा सांगाडा सावरते. शेवटच्या काही सेकंदांचा मजकूर मात्र जातो. त्यात कुणी वेगाच्या हौसेनं व्हीएमच्या डिस्कला ‘रायटबॅक (अनसेफ)’ लावलं असेल, तर डेटाबेसचा अख्खा हिशेब विस्कटू शकतो. ते नावच पुरेसं बोलकं आहे, तरी लोक लावतात.

घरात इन्व्हर्टर आहे, मग काळजी कसली, असं वाटतं. साधा घरगुती इन्व्हर्टर दिवे-पंखे चालवतो, पण बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला सांगत नाही. म्हणून सर्व्हरसाठी यूएसबी पोर्ट असलेला छोटा यूपीएस वेगळा हवा. तो इन्व्हर्टरच्या पुढे लावायचा असेल, तर इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्ह पाहून कित्येक यूपीएस ‘लाइट खराब आहे’ असं समजून स्वतःच्या बॅटरीवर जातात.

आता हिशेब. छोट्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. कागदावर ८४ वॉट-तास. पण निम्मेच हाती लागतील असं धरा. मिनी पीसी आणि राउटर मिळून ४० वॉट खात असतील, तर नव्या बॅटरीवर तासभर. दोन-तीन वर्षांनी बरंच कमी.

यूपीएसचा निरोप ऐकायला ‘नट’, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, हा फुकटचा प्रोग्रॅम आहे. तसाच ठेवला तर बॅटरी खालावेपर्यंत तो थांबतो. जुन्या बॅटरीचा आकडा फसवा असतो, तेव्हा लाइट जाऊन पाच मिनिटं झाली की बंद करायला लागा. प्रॉक्समॉक्समध्ये सुरू होण्याचा क्रम लावला की बंद होणं आपोआप उलट्या क्रमानं होतं: डेटाबेसवर चालणारे प्रोग्रॅम पहिले, मग डेटाबेस, शेवटी स्टोरेजचं मशीन. प्रत्येक व्हीएमला बंद व्हायला मुळात १८० सेकंद मिळतात. आत क्यूईएमयू गेस्ट एजंट बसवलेला असेल, तर बहुतेक मशीनं त्याच्या आत आवरतात.

खरी गोम लाइट परत येण्यात आहे. समजा, सर्व्हर बंद होत असतानाच लाइट आली. यूपीएसनं पुरवठा कधी तोडलाच नाही, त्यामुळे बायॉसमध्ये ‘वीज आल्यावर सुरू हो’ लावलेलं असूनही सर्व्हर बंदच राहतो, आणि तुम्ही पुण्यात नोकरीवर! यावर उपाय म्हणजे बंद होण्याच्या अगदी शेवटी नटनं यूपीएसलाच ‘पुरवठा तोड, लाइट आली की पुन्हा दे’ असा हुकूम द्यायचा. स्वस्तातले काही यूपीएस तो पाळत नाहीत. खरेदीआधी नटच्या यादीत मॉडेल पाहून घ्या. शिवाय आलेली लाइट लगेच पुन्हा जाते, हा सगळ्यांचाच अनुभव. म्हणून पहिलं व्हीएम सुरू होण्याआधी काही मिनिटांचा थांबा ठेवा.

हे सगळं लावल्यावर सुट्टीच्या दिवशी, बॅकअप घेऊन, यूपीएसचा प्लग भिंतीतून उपसा आणि कोणतं मशीन किती वेळ घेतं ते घड्याळ लावून बघा. तो बॅकअप कुठे नि कसा ठेवायचा, ते पुढच्या आठवड्यात.