बिलाची खिडकी : एपीआय म्हणजे काय?

व्यापारी बंधूंनो, आपला संगणक ज्या ठरावीक खिडकीतून सरकारी संगणकाशी थेट व्यवहार करतो, तिला ‘एपीआय’ म्हणतात. 2017-18 पासून कोणत्याही वर्षी उलाढाल 5 कोटींवर गेलेल्या व्यापाऱ्याला, 1 ऑगस्ट 2023 पासून, नोंदणीकृत गिऱ्हाइकासाठी ई-बिल करावे लागते. सॉफ्टवेअर या खिडकीतून तपशील पाठवते. उलट 64 अक्षरी क्रमांक व क्यूआर कोड येतो. तीच नोंद पुढे गिऱ्हाइकाच्या जीएसटी खात्यात दिसते. मात्र क्रमांक खरा असला की खिडकी बिल घेते. तो दुसऱ्याच पेढीचा आहे, हे तिला कळत नाही. मग गिऱ्हाइकाचे कर-क्रेडिट अडकते आणि आपली वसुलीही. पोर्टलवर ई-बिल 24 तासांतच रद्द होते. म्हणून गठ्ठे गाडीत चढण्यापूर्वीच मुनीमजींनी क्रमांक ताडून पाहावा.