रात्रीचा पाऊस फोटोत का येत नाही?

बाहेर धो धो कोसळतोय म्हणून आपण हौसेने फोटो काढतो, आणि फोटोत नुसता ओला रस्ता. पाऊस गायब! यात कॅमेऱ्याचा दोष थोडा, आपण कुठे उभे राहिलो याचा जास्त.

म्हणून आधी जागा शोधावी. थेंब पारदर्शक, पलीकडून उजेड आला तरच तो चकाकतो. रस्त्यावरचा दिवा, टपरीवरचा बल्ब, समोरून येणाऱ्या रिक्षाचा हेडलाइट, काहीही चालेल, पण ते थेंबांच्या पलीकडे हवं आणि आजूबाजूला काळोख हवा. मागे उजळलेली भिंत असली तर थेंब तिच्यात हरवतात. दिवाच चौकटीत आला तर त्याचा पांढरा गोळा होतो. तो एखाद्या खांबाआड किंवा छत्रीआड लपवावा.

फ्लॅश बंद. तो फक्त लेन्सजवळचे थेंब उजळतो आणि फोटोभर पांढरे ठिपके उठतात.

आता शटर स्पीड, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहतो ते. मोठा थेंब सेकंदाला साधारण ७ ते ९ मीटर वेगाने पडतो. पडदा १/६० सेकंद उघडा ठेवला, तर तेवढ्यात तो १२ ते १५ सेंटीमीटर खाली येतो आणि फोटोत छान रेघ उमटते. १/५०० ला रेघ दीड सेंटीमीटरची उरते, शिवाय रात्री तेवढा उजेड पुरत नाही. अर्धा सेकंद ठेवला तर पावसाचं धुकं होतं. मी १/६० पासून सुरुवात करतो. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० ते ३२०० ठेवतो. थोडे दाणे येतात. येऊ द्यावेत.

एक गंमत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळ दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण पडदा १/३० च्या आसपास असला की पावसाची रेघ तुटक तुटक उमटते. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी लेन्स तीनदा पुसली होती.

ऑटोफोकस अंधारात चाचपडत राहतो. दिव्याच्या खांबावर फोकस धरून तो मॅन्युअल करून टाकावा.

मोबाइलवाल्यांची अडचण वेगळी. नाइट मोड एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो. प्रत्येक फोटोत जागा बदलणारी गोष्ट त्याला खोट वाटते, आणि तो ती पुसतो. पहिला बळी पावसाचाच. प्रो मोडमध्ये जाऊन वरचेच आकडे स्वतः लावावेत.

एसीच्या खोलीतून थेट बाहेर आलो की काचेवर वाफ धरते. पुसली तरी पुन्हा धरते. निघण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास तसाच ठेवावा.

आणि दुकानाच्या पत्र्याखाली उभे असाल, तर दोन पावलं पुढे, पत्र्याबाहेर सरकावं. नाहीतर पावसाआधी पत्र्याच्या पागोळ्याच फोटोत येतात.