कंप कुठे पकडावा?

आमच्या घरात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चहा कधी कपभर मिळाला नाही. आई अर्धा कप देई, तो संपला की पुन्हा अर्धा. अण्णा शाळामास्तर होते. हजेरीपट भरण्याचे काम वर्गातल्या एखाद्या चांगल्या अक्षराच्या मुलाकडे असे, कारण पेन कागदाला टेकले की त्यांचा हात थरथरू लागे. मांडीवर ठेवलेला हात मात्र अगदी शांत असे. गावात बोलले जाई की मास्तर घेतात. अण्णांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. ही कुजबुज त्यांच्या कानावर गेलेली होती. त्यांनी खुलासा कधी केला नाही, फक्त लग्नकार्यात पंगतीला बसेनासे झाले.

एक्कावन्नाव्या वर्षी माझ्या उजव्या हाताने तीच वाट धरली. मोडी कागद वाचणे आणि नकलून घेणे हा माझा तीस वर्षांचा उद्योग. त्यातली पदवी माझ्याकडे नाही, वैद्यकातली तर नाहीच. पण बँकेने सही जुळत नाही म्हणून दोनदा धनादेश परत केला आणि एका बाडाची नक्कल अर्ध्यावर सोडावी लागली, तेव्हा मी या विषयावरचे शोधनिबंध जुन्या कागदांसारखेच वाचायला घेतले : कोणी लिहिले, कधी, कशाच्या आधारे आणि काय लिहायचे टाळले. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा जमाखर्च आहे. उपचाराचा सल्ला तेवढा यात शोधू नये.

आधी नावाचा घोळ निस्तरू. मराठीत हात कापू लागला की आपण सरसकट ‘कंपवात’ म्हणतो, आणि हाच शब्द पार्किन्सनच्या आजारालाही वापरतो. पार्किन्सनमध्ये हात बहुधा विसावलेला असताना कापतो. अण्णांचा हात काही करू गेला की कापे. या दुसऱ्या विकाराला डॉक्टर ‘इसेन्शियल ट्रेमर’ म्हणतात. त्यातला ‘इसेन्शियल’ फसवा आहे. जुन्या वैद्यकीय परिभाषेत ज्याचे कारण सापडत नाही त्याला हे विशेषण लावत, इतकेच. हा विकार पार्किन्सनपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, अनेकदा घराण्यात उतरतो, आणि त्यात हात सेकंदाला साधारण चार ते बारा वेळा हलतो. गंमत अशी, की थोड्या मद्याने तो बऱ्याच जणांत तात्पुरता शमतो. गावाने अण्णांवर घेतलेला संशय अशा रीतीने अगदी उलट्या दिशेचा होता.

औषधे मुख्यतः दोन. रक्तदाबासाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल आणि अपस्माराचे प्रिमिडोन. अनेकांचे त्यावर भागते. ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी मेंदूत खोलवर तार बसवून सौम्य विद्युत्प्रवाह देण्याचा उपाय आहे. त्याला ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’, थोडक्यात डीबीएस म्हणतात. तार जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची असते, तिच्या टोकाकडे विद्युत्प्रवाह सोडणारे चार संपर्कबिंदू असतात, आणि छातीच्या त्वचेखाली बसवलेल्या बॅटरीतून तिला सेकंदाला शंभराहून अधिक स्पंद मिळतात. प्रश्न असा, की तारेचे टोक नेमके कुठे असावे?

त्यासाठी कंपाचा रस्ता पाहिला पाहिजे. आपण पेला उचलायला हात पुढे करतो तेव्हा लहान मेंदू त्या हालचालीतल्या चुका क्षणोक्षणी दुरुस्त करत असतो. त्याचा निरोप त्याच्या पोटातल्या डेंटेट नावाच्या केंद्रातून निघतो, मध्यमेंदूत बाजू ओलांडतो, लाल केंद्राजवळून वर चढतो आणि थॅलॅमसमध्ये पोचतो. तिथून तो मेंदूच्या पृष्ठभागावरच्या हालचालीच्या पट्ट्यात जातो, आणि तिथून फिरून पुन्हा लहान मेंदूकडे येतो. हे चक्र आहे. या चक्रात एक ठेका शिरतो आणि थांबतच नाही, तोच कंप. ठेका प्रथम कुठे उमटतो याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण तो या वाटेने फिरतो यावर बहुतेकांचे एकमत आहे.

थॅलॅमसच्या ज्या कप्प्यात हे तंतू शिरतात त्याला जर्मन शास्त्रज्ञ रोल्फ हासलर यांच्या नामपद्धतीनुसार ‘व्हेंट्रालिस इंटरमीडियस’, बोलीत ‘विम’, म्हणतात. डीबीएसचे हे रूढ लक्ष्य. दुसरे लक्ष्य त्याच्या बरोबर खाली, काही मिलिमीटरवर आहे : थॅलॅमसखालचा मागचा पट्टा. याच पट्ट्यात ‘झोना इन्सर्टा’ नावाच्या भागाचे मागचे टोक येते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अनिश्चित प्रदेश. ऑगस्ट फोरेलने १८७७ साली त्याचे वर्णन केले. नाव वाचले आणि मला आमच्या महसुली नकाशांतल्या वादातल्या गटांची आठवण झाली.

ही लक्ष्ये कोणी नकाशा पाहून ठरवली असा माझा समज होता. तसे घडलेले नाही. १९५२ मध्ये न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक अर्व्हिंग कूपर पार्किन्सनच्या एका रुग्णावर वेगळीच शस्त्रक्रिया करत होते. तीत एक धमनी फाटली. ती बांधून त्यांना शस्त्रक्रिया अर्धवट सोडावी लागली. रुग्ण शुद्धीवर आला तो लुळा न पडता, आणि कंप गेलेला! मग कूपर त्या धमनीवर पोसणारा भाग मुद्दाम नष्ट करू लागले. त्यांचा नेम होता पॅलिडम नावाच्या केंद्रावर. पुढे चांगला गुण आलेल्या एका रुग्णाचे शवविच्छेदन झाले तेव्हा दिसले, की जखम पॅलिडममध्ये नसून थॅलॅमसमध्ये होती. नेम चुकला होता आणि गुण चुकलेल्या जागेने दिला होता. त्याच सुमारास हासलर आणि त्यांचे सहकारी जर्मनीत शरीररचनेच्या अभ्यासातून थॅलॅमसपर्यंत पोचले होते.

साठच्या दशकात काही शल्यचिकित्सक आणखी खाली उतरले. फिलाडेल्फियाचे स्पीगल आणि वायसिस यांनी थॅलॅमसखालच्या तंतूंवर छेद घेतले, जर्मनीत मुंडिंगर यांनी झोना इन्सर्टावर. मेक्सिकोत वेलास्को यांनी याच भागातल्या तंतूंवर सत्तरच्या दशकात काम केले. पण तोवर लेव्होडोपा हे औषध आले, पार्किन्सनच्या शस्त्रक्रिया ओसरल्या आणि हे निबंध कपाटात गेले. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोब्ल इथे बेनाबिद आणि पोलाक यांनी विममध्ये कायमची तार ठेवण्याचे काम प्रसिद्ध केले. छेद घेण्यापूर्वी जागा तपासायला विद्युत्प्रवाह देतात. तो सेकंदाला शंभराच्या आसपास स्पंदांचा केला की कंप थांबतो, हे बेनाबिद यांनी पाहिले होते. मग छेद कशाला, प्रवाहच चालू ठेवू, हा त्यांचा विचार. १९९७ मध्ये अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. २००० साली ॲमस्टरडॅमच्या शूरमन आणि सहकाऱ्यांनी ६८ रुग्णांत छेद आणि विद्युत्प्रवाह यांची तुलना केली : कंप दोन्हींनी सारखाच शमला, पण प्रवाहाचे दुष्परिणाम कमी होते आणि रुग्णांचा रोजचा वावर अधिक सुधारला. एव्हाना ‘विम’ हा शब्द पाठ्यपुस्तकात पक्का झाला होता.

इथे मला जुन्या खरेदीखतांचा अनुभव उपयोगी पडला. खताच्या मथळ्यात एका शेताचे नाव असते आणि खाली लिहिलेली चतुःसीमा भलत्याच शेताला लागू पडते, असे अनेकदा होते. अशा वेळी मथळा सोडावा आणि चतुःसीमा धरावी. २००७ च्या सुमारास हांबुर्ग इथल्या आणि पुढे स्वीडनमधल्या उमिओ इथल्या संशोधकांनी जवळजवळ हेच केले. ‘विमची शस्त्रक्रिया’ झालेल्या रुग्णांत सर्वांत गुणकारी ठरलेला संपर्कबिंदू प्रत्यक्षात कुठे आहे, ते त्यांनी मोजले. तो पुष्कळदा थॅलॅमसच्या खाली, त्या पट्ट्यात निघाला. म्हणजे कित्येक रुग्ण कागदोपत्री विमचे आणि प्रत्यक्षात खालच्या पट्ट्याचे होते. विमच्या यशाचे जुने आकडे वाचताना हे मनात ठेवावे लागते.

असे का व्हावे? शेतकरी वाचकांना हे लगेच पटेल. पाटाचे पाणी एकदा वाफ्यांत पसरले की अडवायला दहा ठिकाणी माती टाकावी लागते. पाटातच अडवले तर एक फावडे पुरते. लहान मेंदूकडून येणारे तंतू थॅलॅमसखालच्या पट्ट्यात दाट जुडीने चाललेले असतात. विममध्ये शिरल्यावर ते पसरतात. शिवाय जाड आवरणाचे तंतू पेशींच्या गाभ्यापेक्षा कमी प्रवाहाला प्रतिसाद देतात. (उपमेची मर्यादाही सांगतो : प्रवाह पाट बुजवत नाही, त्यातला ठेका मोडतो.)

दुसरे कारण दिसण्याचे. नेहमीच्या एमआरआयवर विम वेगळे दिसत नाही. मेंदूतले दोन ठळक टप्पे धरून, त्यांच्यापासून अमुक मिलिमीटर असा हिशेब करून त्याची जागा काढावी लागते, आणि प्रत्येकाचा मेंदू त्या हिशेबात बसतोच असे नाही. खालच्या पट्ट्याचे शेजारी, म्हणजे लाल केंद्र आणि सबथॅलॅमिक केंद्र, एमआरआयवर काळे ठिपके म्हणून उमटतात. शेजारी दिसले की मधली जागा सापडते.

मग सगळे खालीच का उतरत नाहीत? कारण चतुःसीमा. विमच्या मागे स्पर्शाचे केंद्र आहे. प्रवाह तिकडे गेला तर बोटांना, ओठांना मुंग्या येतात. बाहेरच्या बाजूला हालचालीचे तंतू आहेत. तिकडे गेला तर हात ओढला जातो, जीभ जड होते. खालच्या पट्ट्याला मागे स्पर्शाचेच तंतू, आत लाल केंद्र, पुढे-बाहेर सबथॅलॅमिक केंद्र. तिथे प्रवाह जरा वाढला की चालताना तोल जाऊ शकतो, कारण ज्या जुडीतून कंप जातो तिच्यातूनच तोल सावरणारे निरोपही जातात. उमिओच्या ब्लॉमस्टेट यांच्या रुग्णांत काहींना शस्त्रक्रियेनंतर शब्द सुचण्यात तात्पुरती अडचणही आली. दोन्ही बाजूंना तारा बसवल्या तर बोलण्यावर परिणाम होण्याचा धोका वाढतो, मग लक्ष्य कोणतेही असो.

थेट तुलना करणारे प्रयोग थोडे आहेत. मला सर्वांत प्रामाणिक वाटला तो कलोन इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला. त्यांनी तार अशा कोनातून घातली, की तिचे वरचे संपर्कबिंदू विममध्ये आणि खालचे पट्ट्यात यावेत. मग प्रत्येक रुग्णाला काही काळ वरून आणि काही काळ खालून प्रवाह दिला. कोणता चालू आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. कंप दोन्हीकडून कमी झाला. खालून मात्र त्यासाठी कमी प्रवाह पुरला. रुग्ण मोजकेच होते, हे खरे. पण एकाच माणसात दोन्ही जागा तपासल्या गेल्याने माणसामाणसांतला फरक आपोआप वगळला गेला. मोठ्या आकड्यांच्या पण पाठीमागे वळून जुळवलेल्या निबंधांपेक्षा मी याला अधिक वजन देतो. कमी प्रवाह म्हणजे बॅटरी जास्त टिकते, आणि साध्या बॅटरीच्या माणसाला ती बदलण्याचे ऑपरेशन उशिरा करावे लागते. आपल्याकडे खर्च स्वतःच्या खिशातून जात असताना ही किरकोळ बाब नव्हे.

जर्मनीतल्याच कोएनेन यांनी तर केंद्रांची नावे बाजूला ठेवून थेट जुडीच गाठायची पद्धत मांडली. विशेष प्रकारच्या एमआरआयने त्या रुग्णापुरता तंतूंचा मार्ग काढायचा आणि तार त्याला भिडवायची. माझे मत याच बाजूला झुकते. विम की पट्टा हा वाद बराचसा एकाच रस्त्यावरच्या दोन थांब्यांचा आहे. एक गोष्ट मात्र कोणत्याच थांब्याने सुटलेली नाही. काही वर्षांनी अनेकांत गुण ओसरतो. आजार वाढतो म्हणून की मेंदू प्रवाहाला सरावतो म्हणून, यावर जाणकारांचे एकमत नाही. सहा महिन्यांचे निकाल वाचून हुरळून जाणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, हे विसरू नये.

कवटीला भोक न पाडता १०२४ स्रोतांतून ध्वनिलहरी एका बिंदूवर आणून तो भाग उष्णतेने जाळण्याची पद्धतही आहे; अमेरिकेत तिला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. तिचेही नेहमीचे लक्ष्य विमच. मी ती बाजूला ठेवली, कारण जाळलेली जागा परत मिळत नाही. चुकलेला प्रवाह निदान कमी करता येतो, बंद करता येतो.

पुण्याच्या एका शल्यचिकित्सकांकडे हे सगळे टिपण घेऊन गेलो. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “तुमची वही मला द्या, पण एक विचारतो. तुम्हाला हाताने नेमके काय करायचे आहे?” तीन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही. मी म्हणालो, “मोडी लिहायचे आहे. आणि कपभर चहा.” त्यांनी माझा एमआरआय पडद्यावर लावला, लाल केंद्राचे दोन काळे ठिपके दाखवले, आणि डाव्या बाजूला पेन्सिलने एक तिरकी रेघ धरली : वरचे टोक विममध्ये, खालचे पट्ट्यात. रक्तस्रावाचा धोका शंभरात एखाद-दोन, तो त्यांनी न विचारता सांगितला. कोणता बिंदू चालू ठेवायचा ते नंतर ठरेल.

अमेरिकन बँजोवादक एडी ॲडकॉक यांच्यावर २००८ मध्ये नॅशव्हिलला हीच शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ते टेबलावर जागे होते आणि डॉक्टर तारेची जागा ठरवत असताना बँजो वाजवत होते. माझी तारीख दिवाळीनंतरची आहे. तपासणीसाठी रुग्णाकडून कागदावर गोलगोल सर्पिल काढून घेतात. मी त्याऐवजी मोडीची एक ओळ लिहू का, असे विचारले आहे. बोरू चालणार नाही, बॉलपेन आणा, असे उत्तर आले आहे.