इटलीतील द्राक्षबागांची सफर : आधी हंगाम ठरवा, मग विमान

इटलीची सहल म्हटली की रोम, व्हेनिस आणि पिसाचा झुकता मनोरा हीच ठिकाणे डोळ्यांसमोर उभी राहतात. आठ दिवसांत पाच शहरे उरकण्याच्या घाईत देशाच्या वायव्येचा, पिडमाँट प्रदेशातील लांगे हा टेकड्यांचा मुलूख राहून जातो. टेकडीच्या माथ्यावर गाव, गावात जुना किल्ला आणि उतारांवर थेट दरीपर्यंत द्राक्षवेलींच्या रांगा, असे येथील दृश्य आहे. लांगे, शेजारचा रोएरो आणि मोनफेर्रातो येथील द्राक्षबागांच्या भूदृश्याला २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. मात्र हे सौंदर्य शेतीतून घडलेले आहे. त्यामुळे येथील सुटीचे नियोजनही शेतीच्या वेळापत्रकानुसारच करावे लागते.

कधी जावे?

महाराष्ट्रातील पर्यटकांची पहिली गफलत होते ती येथेच. नाशिकच्या द्राक्षबागांत जानेवारी ते मार्च या काळात तोडणीची लगबग असते. लांगेमध्ये त्याच वेळी वेली निष्पर्ण असतात, थंडी कडाक्याची असते आणि अनेक हॉटेले व उपाहारगृहे वार्षिक सुटीवर असतात. एप्रिलमध्ये वेलींना पालवी फुटते. शाळांच्या मे महिन्याच्या सुटीत गेल्यास हिरव्यागार टेकड्या आणि सुखद हवा लाभते. द्राक्षे मात्र दिसत नाहीत. ऑगस्टच्या मध्यास इटालियन लोक स्वतःच सुटीवर असल्याने बरीच दुकाने बंद असतात.

सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध हा तोडणीचा काळ. येथील मानाचे नेब्बिओलो हे द्राक्ष सर्वांत शेवटी पिकते. शरदातील धुक्याला इटालियनमध्ये ‘नेब्बिया’ म्हणतात. त्यावरूनच या द्राक्षाचे नाव पडले, असे मानले जाते. दिवाळीच्या सुटीत पोहोचणाऱ्यांना तोडणी बहुधा हुकते, पण तांबूस-पिवळ्या पानांनी रंगलेल्या टेकड्या दिसतात. आल्बा शहरातील पांढऱ्या ट्रफलची प्रसिद्ध जत्राही याच सुमारास, ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत भरते. ट्रफल ही जमिनीखाली झाडांच्या मुळांशी वाढणारी, अत्यंत महागडी अळंबी. प्रशिक्षित कुत्र्यांच्या मदतीने ती शोधण्याच्या इटलीतील परंपरेचा समावेश २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. जत्रेच्या दिवसांत, विशेषतः शनिवार-रविवारी खोल्या मिळणे दुरापास्त होते. त्यामुळे आरक्षण काही महिने आधी करणे इष्ट.

मुक्काम आणि प्रवास

रोज गाव बदलण्यापेक्षा आल्बा किंवा जवळच्या एखाद्या गावी चार-पाच दिवस तळ ठोकणे सोयीचे. ट्युरिनहून आल्बापर्यंत रेल्वे आहे. त्यापुढील बारोलो, बार्बारेस्को, ला मोर्रा ही गावे जवळ असली, तरी बसफेऱ्या तुरळक आहेत. मोटार भाड्याने घ्यायची असल्यास भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्यावा. जुन्या शहरांच्या मध्यभागी वाहनांना मर्यादित प्रवेश असतो. फलक न पाहता आत शिरल्यास दंडाची नोटीस पुढे घरपोच येऊ शकते. वाइन चाखण्याचा बेत असेल त्या दिवशी चालकासह गाडी ठरवणेच शहाणपणाचे; इटलीत रक्तातील मद्याची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे आणि नवख्या चालकांना तीही सवलत नाही.

चाखताना आणि जेवताना

वाइन तळघरे पाहण्यासाठी बहुतेक ठिकाणी आगाऊ वेळ घ्यावी लागते. तोडणीच्या दिवसांत उत्पादकांना पाहुण्यांसाठी फुरसत कमी असते, हेही ध्यानात ठेवावे. बारोलो या नावाने वाइन विकण्यासाठी ती किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात. म्हणजे ज्या द्राक्षांची तोडणी पाहावी, त्यांची वाइन चाखण्यास तीन वर्षांहून अधिक थांबणे आले.

शाकाहारी पर्यटकांनी चौकशी करूनच पदार्थ मागवावेत. ‘तायारिन’ या शेवयांत अंड्याचा बलक असतो, ‘बान्या काउदा’ या भाज्यांसोबतच्या गरम चटणीत मासे असतात, तर ‘आन्योलोत्ती’च्या पुरणात बहुधा मांस असते. चीज, पोलेंता आणि येथील नामांकित हेझलनटची मिठाई हे त्यातल्या त्यात निर्धास्त पर्याय.

व्हिसा आधी, तिकीट नंतर

शेन्गेन व्हिसासाठी प्रवासापूर्वी जास्तीत जास्त सहा महिने आणि किमान १५ दिवस आधी अर्ज करता येतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून किमान ३० हजार युरोंचा प्रवास वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अर्ज नाकारला गेल्यास शुल्क परत मिळत नाही. म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येण्याजोगीच तिकिटे व खोल्या घ्याव्यात.

पैसा कोणाच्या हाती?

आज श्रीमंत भासणारा हा मुलूख विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दारिद्र्यासाठी ओळखला जाई. आल्बाचेच लेखक बेप्पे फेनोल्यो यांच्या ‘ला मालोरा’ (१९५४) या कादंबरीत येथील शेतगड्याच्या हलाखीचे चित्रण आहे. त्या भूतकाळाचे स्मरण ठेवून मुक्कामासाठी ‘आग्रितुरिस्मो’ अर्थात शेतघरांचा विचार अवश्य करावा. येथे शेती हाच मुख्य व्यवसाय आणि पाहुणचार जोडधंदा असला पाहिजे, अशी इटलीच्या कायद्याची अट आहे. पर्यटकाने मोजलेले पैसे अशा घरी थेट शेतकरी कुटुंबाच्या हाती पडतात. ज्या उतारांची छायाचित्रे काढण्यासाठी आपण इतक्या दूर जातो, ते उतार राखणारे हात त्याच कुटुंबाचे असतात.