सहरीचा अंधार आणि इन्व्हर्टरची बॅटरी

मुंब्रा-कौसा, राबोडी, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात इन्व्हर्टर ही चैन राहिलेली नाही. २००५ नंतरचे भारनियमन ज्यांनी सोसले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आता वीज कमी वेळा जाते, म्हणून बॅटरीकडे कोणी पाहतही नाही.

आम्हीही पाहिले नव्हते. मागच्या रमजानमध्ये ऐन सहरीला वीज गेली आणि इन्व्हर्टर दहा मिनिटांत कुंईकुंई करून गप्प झाला. अम्मींचा नेब्युलायझर अर्ध्यावर बंद पडला. दुकानदार म्हणाला, नवी घ्या. कल्याणच्या एका मेकॅनिकभाईंनी मात्र आधी झाकणे उघडली. सहापैकी चार कप्प्यांत पाणी प्लेटांच्या खाली गेले होते. दोष आमचाच.

शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांची ही बॅटरी प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. वीज वापरली जाते तसा प्लेटांवर शिशाचा क्षार बसतो, चार्जिंगमध्ये तो विरघळतो. बॅटरी उतरलेलीच ठेवली तर त्याचे कडक खडे होतात आणि मग ते सहसा सुटत नाहीत.

भाईंनी डिस्टिल्ड वॉटर भरून दोन दिवस अगदी मंद चार्जिंग केले. मग हायड्रोमीटर लावला. पाच कप्पे १.२४ पर्यंत चढले, सहावा १.१५ वरच अडला. "पाच जगले, एक गेला. काही महिने काढेल," ते म्हणाले. बाजारात बॅटरी जिवंत करणारी पावडर मिळते, तिचे काय, असे आम्ही विचारले. ते हसले. पावडरीने किंवा ॲसिड ओतल्याने काट्यावरचा आकडा वाढतो, चार्ज वाढत नाही.

ॲसिड उडून जात नाही, कमी होते ते पाणी. म्हणून भरायचे फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचे नको, आरओचेही नको. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर इन्व्हर्टर बंद करून, झाकणे घट्ट लावून, खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसावी, कोरडे करून व्हॅसलीन लावावे. हातमोजे आणि चष्मा हवाच. वीज जातच नसेल तर महिन्यातून एकदा मेन बंद करून तासभर बॅटरीवर घर चालवावे.

लहान घरांत बॅटरी पलंगाखाली किंवा स्वयंपाकघरात सरकवली जाते. हे फार धोक्याचे. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, ठिणगी पुरते. हवेशीर कोपरा शोधावा, जवळ उदबत्ती-लोबान नको.

सहाव्या कप्प्याने ईदनंतर तीन महिन्यांनी हात टेकले. जुनी बॅटरी आम्ही दुकानात बदलीत दिली. २०२२ च्या नियमांनुसार ती परत घेण्याची व्यवस्था करणे उत्पादकाचे काम आहे. गल्लीत फोडून ॲसिड गटारात ओतले तर शिसे मातीत उरते, आणि त्याच मातीत खेळणाऱ्या मुलांच्या मेंदूला ते बाधते.

नव्या बॅटरीचे पाणी आता चाँद दिसला की तपासायचे ठरले आहे. टॉर्च धरायचे काम धाकटीने मागून घेतले.